पामतेलवाल्यांशी सोयरीक

प्रवास करून आलेली माणसं इतरांना सल्ले देतात. मी एकच देतो. होऊ घातलेल्या व्याह्यांकडे पहिल्यांदा जाताना जे खोकं बरोबर न्याल, त्यावर काय छापलंय ते घरीच वाचून घ्या. व्याह्यांच्या ओसरीवर, दहा-बारा माणसांसमोर ते वाचून दाखवायची वेळ स्वतःवर आणू नका.

माझं विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावर, फरसाणचं दुकान आहे. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळी, नानकटाई. तळणीला मी उभा असतो, पिठं मळायचं काम बायको वसुधा बघते आणि गल्ल्यावर माझी धाकटी बहीण शालन बसते. शालनला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, पण आमच्याकडे तशी कुणाची अपेक्षाही नसते. दुकानाच्या दर्शनी भागात पाटी आहे : ‘येथे पामतेल वापरले जात नाही. विश्वास नसेल त्यांनी पलीकडच्या दुकानात जावे.’ पलीकडच्या दुकानदाराने या पाटीला हरकत घेतली होती. मी त्याला म्हटलं, अहो, तुमची फुकट जाहिरात केली आहे, आभार माना.

आमची मैत्रेयी खराडीला एका कंपनीत आहे. तिथल्याच श्रीनिवास नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मुलगा तेलंगणातला, खम्ममकडचा. एकदा दुकानात येऊन गेला. उभ्याउभ्या पावशेर चकली संपवली, पैसे दिले, पाटीकडे बघितलं आणि त्याला जोरात ठसका लागला. चकली तिखट झाली असेल असं मला वाटलं.

‘‘घरचं काय आहे त्यांचं?’’ मी मैत्रेयीला विचारलं.

‘‘शेती आहे बाबा. झाडं आहेत.’’ तिने मोबाइलवर फोटो दाखवला. उंच खोडं, वर झावळ्यांचे झुबके.

‘‘नारळ!’’ मी म्हटलं. मैत्रेयी काही बोलली नाही. लग्नाच्या बाबतीत मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकार असं आपण धरतो. नारळाच्या बाबतीतही मी तेच धरलं.

मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला होता, ‘आधी आमचं घर बघून जा, मग बोलणी करू.’ रीतीला धरूनच होतं. मैत्रेयीला रजा नव्हती. म्हणून आम्ही दोघंच निघालो, आणि भेट म्हणून मी दुकानातली चार मोठी खोकी घेतली. ती खोकी हा माझा अभिमान. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने चित्र काढून दिलं होतं. झाडाच्या फांदीला लटकलेलं एक तांबूस केसांचं माकड, डोळ्यात टपोरा अश्रू, आणि खाली इंग्रजीत ठळक अक्षरं : ‘नो पाम ऑइल. सेव्ह माय होम.’ पामतेलासाठी तिकडे समुद्रापलीकडे जंगलं तोडली, त्यात या माकडाचं घर गेलं, असं तिने समजावून सांगितलं होतं. मला ते पटलं होतं, आणि खोकंही खपत होतं.

सिकंदराबादहून पुढे

पुणे ते सिकंदराबाद प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की वसुधाने मंडईतून व्याह्यांसाठी घेतलेले अंजीर सोलापूर यायच्या आत मऊ पडले आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आम्हीच संपवले.

सिकंदराबादला श्रीनिवास गाडी घेऊन आला होता. चार वर्षं पुण्यात काढल्याने मराठी बोलतो, फक्त प्रत्येक वाक्यात एक ‘ॲक्च्युअली’ घालतो. आल्याआल्या वाकून नमस्कार केला आणि थेट खोक्यांच्या पिशवीला हात घातला.

‘‘काका, ॲक्च्युअली ही मी ठेवतो ना मागे. जड आहे.’’

‘‘फरसाण आहे. दाबलं जाईल. माझ्या मांडीवर राहू दे.’’

‘‘पेपरमध्ये गुंडाळू का? धूळ लागेल.’’

‘‘मग चित्र कसं दिसणार?’’ मी म्हटलं. त्याने गाडी सुरू केली.

वाटेत चहाला थांबलो. तिथला चहा चांगला, पण कप अंगठ्याएवढा, चार मिळून आपला एक होईल. निघालो, दहा मिनिटं झाली आणि माझ्या लक्षात आलं की पिशवी टपरीच्या बाकावर राहिली. बाकावर कोणी ठेवली? श्रीनिवासने. मी गाडी वळवायला लावली. पिशवी जागच्या जागी होती. मी ती छातीशी धरून परत आलो तेव्हा श्रीनिवासचा चेहरा असा काही उतरला, की मीच त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘अरे, होतं असं. विसराळूपणा माणसाकडूनच होतो.’’

वसुधा खिडकीकडे बघत म्हणाली, ‘‘मला नाही वाटत हा विसराळू आहे.’’

खम्मम मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना झाडं सुरू झाली. ओळीत लावलेली, खाली गार सावली, झावळ्या एकमेकींत अडकलेल्या. ‘‘काय बागा आहेत!’’ मी म्हटलं. ‘‘खोडं जरा जाड आहेत, पण जात असेल तशी.’’

‘‘नारळाच्या झाडाला नारळ कुठे दिसत नाहीत ते?’’ वसुधाने विचारलं.

‘‘उतरवले असतील.’’

श्रीनिवास गाडी चालवत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ओसरी

सांबशिवराव, म्हणजे श्रीनिवासचे वडील, दारातच उभे होते. उंच, सावळे, पांढरंशुभ्र धोतर, आणि तोंडावर असा भाव की हा माणूस उगाच हसून दात झिजवणार नाही. पुण्यात असते तर शोभले असते. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई मात्र वसुधाचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या, त्या दोघी पुढचे दोन दिवस बाहेर आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. एकीला तेलुगू येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, पण बोलणं एक क्षण थांबलं नाही.

आमचं पुरुषांचं बोलणं हिंदीत झालं. त्यांची हिंदी सिनेमात शिकलेली आणि माझी मार्केट यार्डात. म्हणून मी पुढे बहुतेक मराठीतच देतो.

ओसरीवर त्यांचे भाऊ, शेजारी, गावातले दोन मोठे शेतकरी असे सगळे पुण्याचे पाहुणे बघायला जमले होते. मी उभा राहिलो, पहिलं खोकं दोन्ही हातांनी सांबशिवरावांना दिलं, आणि आपल्या धंद्याबद्दल चार शब्द सांगावेत म्हणून म्हणालो, ‘‘हमारे दुकान में पामतेल वापरते नहीं. पामतेल को हमारे यहाँ थारा ही नहीं. वो एकदम घातक चीज है. पामतेलवाले लोग जंगल का नायनाट करते है.’’

कोणीतरी सुपारी कातरत होता, तो थांबला.

मला वाटलं, हिंदी कळली नाही. म्हणून मी माकडाच्या अश्रूवर बोट ठेवून पुन्हा समजावलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खोकं हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘हे माकड का रडतंय?’’

‘‘त्याचं घर गेलं.’’

‘‘आमच्याकडे असलं माकड नाही,’’ तो विचार करून म्हणाला. ‘‘आमची माकडं रडत नाहीत. आमचे आंबे खातात, मग आम्ही रडतो.’’

कोणी हसलं नाही. श्रीनिवास माझ्या कानाशी वाकला. ‘‘काका, ॲक्च्युअली ती झाडं नारळाची नाहीत. पामतेलाची आहेत. आपली तीस वर्षांची बाग आहे. इथे बसलेत त्या सगळ्यांच्याच बागा आहेत.’’

अरे देवा! माझ्या हातात अजून तीन खोकी होती. ती कुठे ठेवावीत ते मला सुचेना. मागे लपवावीत तर मागे श्रीनिवासचा काका, पुढे ठेवावीत तर माकड सगळ्यांकडे बघतंय. मी खोकी पालथी केली. खालच्या बाजूलाही माकड होतं, हे मी विसरलो होतो.

सांबशिवराव शांतपणे म्हणाले, ‘‘जेवून घ्या. बोलणी नंतर करू.’’

जेवण म्हणजे मारच होता. आपल्याकडे पाहुण्याला ‘आणखी घ्या’ म्हणतात आणि तो ‘नको’ म्हणाला की सुटकेचा श्वास सोडतात. तिथे ‘नको’ हा शब्दच कोणाला माहीत नाही. अंबाडीची चटणी, आंब्याचं लालभडक लोणचं, भाताचा डोंगर, त्यावर तूप. लोणच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून तो मघाचा म्हातारा प्रथमच खूश झाला आणि खोक्यावरच्या माकडाकडे बोट दाखवून सगळ्यांना तेलुगूत काहीतरी म्हणाला. आता मात्र सगळे हसले.

दुपारी अंगणात जाऊन मैत्रेयीला फोन लावला. ‘‘तू मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तीन वेळा सांगायला घेतलं, बाबा. दरवेळी मी ‘पाम’ म्हटलं की तुम्ही पाटी वाचून दाखवायला लागलात.’’ तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, ‘‘श्रीनिवासचे वडील नाही म्हणाले तर तो लग्न करणार नाही, असं नाही. पण वडिलांच्या मनाविरुद्ध करेल आणि जन्मभर कुढत बसेल. मला तसं नकोय. बाबा, तुमच्या हाता-पाया पडते, आता एक दिवस फक्त वाद घालू नका.’’

 ही मुलगी लहानपणी फुगा मागतानासुद्धा कधी गयावया करत नसे.

बाग

दुसऱ्या दिवशी सकाळी सांबशिवराव म्हणाले, ‘‘चला, तुम्हाला नायनाट दाखवतो.’’ मराठी शब्द त्यांनी नेमका उचलला होता.

बागेत कापणी चालली होती. दोन माणसं, छत्तीसगढहून आलेली, लांबलचक काठीला कोयत्यासारखं वाकडं पातं लावून वरचा घड कापत होती. मी नीट दिसावं म्हणून खाली जाऊन उभा राहिलो. सांबशिवरावांनी मला दंडाला धरून असं मागे खेचलं, की माझी चप्पल तिथेच राहिली, आणि त्या चपलेवर वीसेक किलोचा काटेरी घड येऊन आदळला.

‘‘आमच्यात व्याह्याला बागेत पुरत नाहीत,’’ ते म्हणाले. त्यांनी ‘व्याही’ म्हटलं म्हणून मी मनातून उड्या मारणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

घडाला सुपारीएवढी शेकडो फळं, शेंड्याला काळपट आणि बुडाला शेंदरी. एक फळ त्यांनी माझ्या हातात दिलं. नखाने दाबलं तर बोटं पिवळ्याजर्द तेलाने माखली. पडलेली सुटी फळं दिसली की घड पिकला असं समजायचं. कापला की मग घाई. एका दिवसात कारखान्यात पोचला नाही तर आतलं तेल खवट व्हायला लागतं. आणि या भागाला नेमून दिलेला कारखाना एकच. दुसरीकडे विकायचा नाही.

‘‘भाव कोण ठरवतं?’’ मी धंदेवाईक प्रश्न विचारला.

‘‘भाव महिन्याला जाहीर होतो. तो मलेशियाच्या बाजाराकडे बघून हलतो. बाहेरून येणाऱ्या तेलावर दिल्लीवाले कर लावतात, तो वाढवला की आम्हाला बरे दिवस. पण तुमची दिवाळी जवळ आली की तुम्ही ओरडता, तेल महागलं! मग दिल्लीवाले कर उतरवतात. तुम्हाला चकली स्वस्त, माझा घड मातीमोल.’’ त्यांनी झाडाकडे बोट केलं. ‘‘झाड आफ्रिकेचं. फुलावर बसून फळ धरवणारा किडासुद्धा आफ्रिकेतून आणलेला. भाव मलेशियाचा, कर दिल्लीचा. माझं काय आहे यात? पाणी. तेवढं माझं.’’

पाण्याचं नाव निघताच त्यांचा धाकटा भाऊ मध्ये पडला. दादाने भात सोडून ही झाडं लावली तेव्हा पाणी वाचेल असं सांगितलं होतं, आणि दर उन्हाळ्यात बोअर आणखी खाली जातंय, असं त्याचं म्हणणं. सांबशिवराव म्हणाले, भातही कमी पीत नव्हता. भाऊ म्हणाला, भाताचं पाणी डोळ्याला दिसायचं, हे कुठे जातं कळत नाही. आणि गुरांना पेंढा मिळायचा, आता गुरंच राहिली नाहीत. हा वाद त्या दोघांत वर्षानुवर्षं चाललेला असावा, कारण दोघंही एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघत नव्हते.

‘‘पण जंगल?’’ माझ्या तोंडून निघून गेलं. मैत्रेयी आठवली आणि मी जीभ चावली.

‘‘इथे जंगल नव्हतं. भात होता, तंबाखू होती. समुद्रापलीकडे तोडली, ते मी टीव्हीवर बघितलंय. वाईटच केलं. पण तुम्ही शेंगदाण्याच्या तेलात तळता ना? या एका एकराचं तेल शेंगदाण्यातून काढायला किती एकर लागतील, हिशेब केलात? सगळ्या देशाने तुमच्यासारखं ठरवलं, तर तेवढी जमीन आणणार कुठून? तुमच्या माकडाकडूनच घ्याल ना?’’

  मी एकरांचा हिशेब करत घडांच्या ढिगाजवळ जाऊन टेकलो. उठलो तेव्हा माझी पांढरी पँट मागून शेंदरी झाली होती. मारुतीलासुद्धा समोरून शेंदूर लावतात, मला मागून लागला. कापणीवाल्या माणसांना ते फारच आवडलं.

स्वयंपाकघरातली बातमी

पँट बदलायला खोलीत गेलो तर वसुधा मागोमाग आली आणि दार लोटून म्हणाली, ‘‘एक सांगू? पण बाहेर बोलायचं नाही.’’

‘‘सांग.’’

‘‘यांच्या स्वयंपाकघरात पामतेलाचा थेंब नाही. शेंगदाण्याचं तेल आणि लोणच्याला तिळाचं. राजेश्वरीबाई म्हणाल्या, ते पिवळं चिकट प्रकरण माझ्या चुलीशी आणायचं नाही, असं मी लग्नातच... नाही, बाग लावली तेव्हाच सांगितलं.’’

‘‘हे सगळं तुला तेलुगूतून कळलं?’’

‘‘डबे दिसत होते की. बाकी हातवारे.’’

आता तुम्हीच सांगा, एवढं कळल्यावर माणूस गप्प कसा बसेल? मैत्रेयीची विनवणी आठवत मी पानावर बसलो. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला सांबशिवराव म्हणाले, ‘‘भजी घ्या,’’ आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘‘भजी छान आहेत. तेल कुठलं?’’

वसुधाने मला कोपर मारलं. श्रीनिवासने डोळे मिटले. सांबशिवरावांनी भजं ताटात खाली ठेवलं. राजेश्वरीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागल्या.

‘‘शेंगदाण्याचं,’’ सांबशिवराव म्हणाले. त्यांचा तो ताठ चेहरा एकदम शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा झाला. मला अतिशय आनंद झाला, हे मी कबूल करतो. तो आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला.

कारण ते उठले, कोनाड्यातलं माझं खोकं घेऊन आले, आणि त्यातली एक शंकरपाळी उचलून दोन बोटांत चुरली. चुरा अंगठ्यावर घासला. नाकाशी नेला.

‘‘यात काय घातलंय?’’

‘‘मैदा, साखर, दूध. आणि खुसखुशीत व्हायला वनस्पती तुपाचं मोहन.’’

‘‘ते तूप कशाचं करतात?’’

‘‘वनस्पतीचं,’’ मी म्हटलं.  चोवीस वर्षं मी तो डबा फोडतोय. तेल म्हणजे कढईत असतं ते, पिठात जातं ते तूप, असाच माझा हिशेब. डब्यावरची बारीक अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती.

‘‘दुकानात फोन लावा,’’ सांबशिवराव म्हणाले. ‘‘स्पीकरवर.’’

शालनने चौथ्या रिंगला उचलला. ‘‘काय आहे? गर्दी आहे.’’

‘‘शालन, वनस्पती तुपाच्या डब्यावर मागे काय लिहिलंय ते वाच.’’

‘‘आता? दादा, तुम्ही मुलीचं लग्न ठरवायला गेलायत ना?’’

‘‘वाच गं बाई!’’

बराच वेळ चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग शालन शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचू लागली. ‘‘घटक. पामतेल. पामोलीन. शेवटी थोडं तिळाचं तेल.’’ मग स्वतःची भर घातली. ‘‘पहिलंही पाम आणि दुसरंही पामच. तीळ तेवढा आपला. आणखी काही वाचू? गिऱ्हाईक उभं आहे. तेपण ऐकतंय.’’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाकी सगळी माणसं श्रीनिवासकडून भाषांतर करून घेत होती, म्हणजे तीच लाज मला दुसऱ्यांदा तेलुगूत ऐकावी लागली. लोकांना पाटी वाचायला लावून मी चोवीस वर्षं खोटं विकत होतो. आणि ते कळलं कुठे, तर मुलीच्या होणाऱ्या सासरी, भरल्या ताटावर.

मी हात जोडले. ‘‘राव साहेब, चूक माझी आहे. कालची आणि आजचीही. मुलीचा यात काही दोष नाही. ती माझ्यासारखी नाही. माझ्यामुळे तिला नाकारू नका.’’

सांबशिवरावांनी अंगठ्यावरचा चुरा झटकला. मग म्हणाले, ‘‘तुम्ही माझं शेत बघितलंत. मी तुमचं दुकान बघायला येतो. पंधरा दिवसांनी. तिथे त्या दिवशी काय लिहिलेलं असेल ते वाचून मी हो-नाही सांगेन.’’ आणि भज्याकडे वळले.

विश्रांतवाडी

परत आल्यावर पाटी बदलायची म्हटल्यावर शालन म्हणाली, ‘‘नुसती काढून टाका. कोण विचारतंय?’’ पलीकडचा दुकानदार विचारेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शंकरपाळी साजूक तुपात करून बघितली. सुरेख झाली, आणि भाव सांगितल्यावर गिऱ्हाइकांनी ती लांबूनच बघून घेतली. खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत दोनदा मी जुनी पाटी पुसून जागच्या जागी ठेवली. लोकांसमोर तोंड कसं दाखवायचं, या एका गोष्टीने झोप उडाली होती.  मैत्रेयी रोज संध्याकाळी खराडीहून येताना दुकानावरून जायची, पाटीकडे बघायची आणि घरी जायची. चौदाव्या दिवशी मी पेंटरला बोलावलं.

सांबशिवराव आणि श्रीनिवास सकाळी दहाला रिक्षातून उतरले. मैत्रेयी शालनच्या शेजारी उभी होती, हातातल्या ओढणीला पीळ देत. सांबशिवरावांनी पाटीपुढे उभं राहून श्रीनिवासकडून शब्दन् शब्द समजून घेतला :

‘आमच्या शंकरपाळी व नानकटाईत वनस्पती तूप असून त्यात पामतेल आहे. चोवीस वर्षे नाही असे आम्ही सांगत होतो. ते चूक होते. तुम्हाला आधीच ठाऊक असल्यास तुम्ही गप्प का बसलात, याचा विचार करावा.’

त्यांनी मान हलवली, पण हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. एक स्टूल घेतलं आणि गल्ल्याजवळ बसून येणारी-जाणारी माणसं बघायला लागले.

तेवढ्यात आमच्या भागातल्या निवृत्त मुख्याध्यापिका देवबाई आल्या. गेली अनेक वर्षं दर शनिवारी अर्धा किलो शंकरपाळी. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. 

‘‘म्हणजे इतकी वर्षं हे खात होते मी?’’

‘‘हो, बाई.’’

‘‘साजूक तुपातली कशी दिलीत?’’

मी भाव सांगितला.

‘‘मग हीच द्या. अर्धा किलो,’’ देवबाई म्हणाल्या. ‘‘पेन्शन तेवढीच आहे, पाटी बदलली म्हणून वाढली नाही.’’

मी वजन करत असताना सांबशिवरावांनी हळूच विचारलं, ‘‘या रोज येतात? पैसे देऊन खातात?’’ आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘तीस वर्षं घड कारखान्याच्या दारात ओततोय. पुढे तेल कुठे जातं, कधी बघितलं नव्हतं. खाणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय.’’

‘‘हे कोण?’’ देवबाईंनी विचारलं.

‘‘हे ते तेल पिकवतात,’’ मी म्हटलं. ‘‘खम्ममचे.’’

देवबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, आणि वर्गातल्या मुलाला विचारावं तसं हिंदीत विचारलं, ‘‘आप खाते हैं?’’

सांबशिवरावांनी खाली बघितलं. ‘‘नहीं.’’

‘‘मग आम्हाला कशाला देता?’’ बाईंनी पुडा उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. ‘‘घ्या.’’

 चिवडा घ्यायला आलेली दोन माणसं थांबली. सांबशिवरावांनी पुड्यातून एक शंकरपाळी घेतली, सावकाश तोंडात टाकली आणि रस्त्याकडे बघत चावत राहिले. मग त्यांनी दुसरी घेतली. मग खिशातून मोबाइल काढून राजेश्वरीबाईंना फोन लावला आणि तेलुगूत बोलले, फार नाही, तीन-चार वाक्यं. मैत्रेयी श्रीनिवासकडे बघत होती. श्रीनिवास रडत होता की हसत होता ते मला कळेना.

‘‘अरे, काय म्हणाले ते?’’ मी विचारलं.

‘‘म्हणाले, मुहूर्त बघायला घे,’’ श्रीनिवास म्हणाला. ‘‘आणि म्हणाले, अगं, आपलं तेल तितकंसं वाईट लागत नाही.’’